रात्री नऊला इंटरनेट का रेंगाळते?

पुणे - सकाळी सहा वाजता कोथरूड किंवा बाणेरमधील एखाद्या सदनिकेत इंटरनेटचा वेग मोजला, तर देयकावर छापलेला आकडा बहुधा जसाच्या तसा पडद्यावर उमटतो. त्याच घरी, त्याच जोडणीवर रात्री नऊ वाजता मोजणी केली, की तो निम्म्यावर आणि काही ठिकाणी पाव हिश्श्यावर आलेला असतो. मालिका मध्येच थबकते, गोल चकती फिरू लागते, अमेरिकेतील कार्यालयाशी चाललेल्या बैठकीत पलीकडच्याचा आवाज तुटू लागतो. सेवा केंद्राला दूरध्वनी केला, तर ठरलेले उत्तर मिळते : 'राउटर बंद करून पुन्हा सुरू करा.' तेवढ्याने भागले नाही, तर दुसरे ठरलेले उत्तर तयार असते : 'वरची योजना घ्या.'

पहिल्या उत्तराने काही वेळा खरोखरच काम होते. दुसऱ्याने मात्र बहुतेक वेळा केवळ देयक वाढते. दिवसभर व्यवस्थित चालणारे इंटरनेट ठराविक वेळीच मंदावत असेल, तर दोष सहसा ग्राहकाने घेतलेल्या योजनेच्या आकड्यात नसतो. तो वाटेत कुठे तरी झालेल्या गर्दीत असतो. ही गर्दी घराच्या चार भिंतींत असू शकते, इमारतीबाहेरच्या खोक्यात असू शकते किंवा शहराबाहेर जाणाऱ्या तारेतही असू शकते. तिचा पत्ता लागण्यापूर्वी केलेला खर्च वाया जाण्याचीच शक्यता अधिक. हा पत्ता शोधणे सामान्य ग्राहकालाही दोन-तीन संध्याकाळींत जमण्यासारखे आहे.

पुण्याची संध्याकाळ

रात्री आठ ते अकरा ही वेळ बहुतेक सगळीकडेच घरगुती इंटरनेटच्या गर्दीची. पुण्यात तिला आणखी एक कारण आहे. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे कर्मचारी घरी परततात, तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर कामाचा दिवस सुरू होत असतो. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा पुण्यात तिकडच्या उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. म्हणजे ज्या वेळी मुले चित्रफिती पाहू लागतात, आजी-आजोबा परदेशी असलेल्या नातवंडांशी 'व्हिडिओ कॉल'वर बोलू लागतात, त्याच वेळी आतल्या खोलीत कोणी तरी दार लावून कार्यालयीन बैठकीला बसलेले असते. मार्च २०२० मधील टाळेबंदीने घरून काम करण्याची सवय लावली. कार्यालये पुन्हा उघडली, तरी संध्याकाळची बैठक अनेकांनी घरीच ठेवली.

त्या टाळेबंदीतील एक निर्णय या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतो. २४ मार्च २०२० रोजी देशातील प्रमुख व्हिडिओ सेवांनी मोबाईल जाळ्यांवर '४८० पी'पेक्षा अधिक सुस्पष्ट चित्र न दाखविण्याचे एकमताने ठरविले. ही मर्यादा १४ एप्रिलपर्यंत होती. जाळ्यावरील भार हलका करायचा, तर हात कुठे घालावा लागतो, हे त्यातून दिसले : व्हिडिओला. बातम्या वाचणे, ई-मेल पाठविणे, बँकेचे व्यवहार करणे यांचा भार त्यापुढे नगण्य असतो. क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशी तर हा भार एकाच घटकेला येतो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी भारत-ऑस्ट्रेलिया विश्वचषक अंतिम सामना 'हॉटस्टार'वर एकाच वेळी पाहणाऱ्यांची संख्या ५ कोटी ९० लाखांपर्यंत गेली होती. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणाला प्रेक्षक वाढले म्हणून काही फरक पडत नाही. इंटरनेटवर मात्र सामान्यतः प्रत्येक प्रेक्षकासाठी चित्राचा वेगळा प्रवाह पाठवावा लागतो.

तोटी मोठी, धार बारीकच

पाण्याच्या वेळा सांभाळणाऱ्या पुणेकरांना हा प्रकार समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. पाणी सुटले आणि गल्लीतील सगळे नळ एकदम उघडले, की वरच्या मजल्यावर धार बारीक होते. अशा वेळी घरातील तोटी बदलून मोठी बसविली, म्हणून धार वाढत नाही. इंटरनेटची 'वरची योजना' ही अनेकदा अशी मोठी तोटीच ठरते.

एकाच वाटेवर अनेक ग्राहक बसविणे यात मुळात गैर काही नाही. सगळेजण एकाच वेळी बोलत नाहीत, या गृहीतावर दूरध्वनी केंद्रेही उभी राहिली. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करणारे गणिती आग्नर एरलांग यांनी १९०९ मध्येच या गर्दीचे गणित मांडले होते. किती ग्राहकांमागे किती तारा ठेवल्या म्हणजे गर्दीच्या तासालाही काम निभावते, हा त्या गणिताचा विषय. प्रश्न निर्माण होतो तो कंपनी ग्राहक वाढवत जाते आणि तारा तेवढ्याच ठेवते तेव्हा.

भारतात ब्रॉडबँडची व्याख्या २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस अशी करण्यात आली. २०१३ मध्ये ती ५१२ केबीपीएस आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, २००९ मध्ये घरगुती जोडण्यांसाठी एकास पन्नास आणि व्यावसायिक जोडण्यांसाठी एकास तीस अशी वाटणीची कमाल मर्यादा सुचविली होती. ढोबळमानाने पन्नास घरांना मिळून एका घराइतकी वाट, असा त्याचा अर्थ. ज्यांनी २००५ नंतर 'बीएसएनएल'चे 'डेटावन' वापरले, त्यांना रात्री २ ते सकाळी ८ या वेळेत अमर्याद वापर देणाऱ्या योजना आठवत असतील. मोठ्या फाइल उतरवून घेण्यासाठी पहाटेचा गजर लावणारी घरे त्या वेळी पुण्यात कमी नव्हती. तार केव्हा रिकामी असते, हे कंपनीच आपल्या दरपत्रकात सांगत होती.

आता घराघरांत फायबर आले आहे. इमारतींत सर्वाधिक दिसणाऱ्या 'जीपॉन' पद्धतीत केंद्रापासून निघालेला एक काचेचा धागा साधारणपणे ३२ किंवा ६४ घरांत विभागला जातो. त्या एका धाग्याची ग्राहकाकडे येणारी क्षमता २,४८८ एमबीपीएस. ३२ घरांनी एकदम पूर्ण वेग मागितला, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ७८ आणि ६४ घरांनी मागितला, तर सुमारे ३९ एमबीपीएस येतील. हे आकडे वाचून '१०० एमबीपीएस'चे पैसे भरणाऱ्याच्या कपाळावर आठी पडेल; पण खरी अडचण सहसा येथे नसते. उत्तम प्रतीच्या 'फोर के' चित्रालाही १५ एमबीपीएसच्या आसपास वेग पुरतो. ३२ च्या ३२ घरांनी ते लावले, तरी ४८० एमबीपीएस होतात आणि धागा निम्माही भरत नाही.

अडचण त्याच्या वरच्या पायरीवर असते. समजा, एखाद्या भागातील केंद्रातून असे आठ धागे निघतात आणि प्रत्येकावर ६४ घरे आहेत. एकूण घरे झाली ५१२. या केंद्राला पुढच्या जाळ्याशी जोडणारी तार एक गिगाबिटची, म्हणजे १,००० एमबीपीएसची आहे. रात्री नऊ वाजता निम्म्या घरांनी प्रत्येकी ५ एमबीपीएस लागणारी एक-एक साधी 'एचडी' मालिका लावली, तरी मागणी १,२८० एमबीपीएसवर जाते. तार भरली. आता त्या ५१२ पैकी एखाद्या ग्राहकाने आपली योजना १०० वरून ३०० एमबीपीएसवर नेली, तर त्याच्या राउटरपर्यंतचा रस्ता रुंद होईल. नाका आहे तेथेच राहील. जाहिरातीत वेगाच्या आकड्यानंतर येणारा 'पर्यंत' हा शब्द अशा वेळी कामाला येतो, तो कंपनीच्या.

तार पूर्ण भरेपर्यंत सगळे सुरळीत असते आणि मग अचानक बिघडते, हा अनुभवही अनेकांचा आहे. त्याचे कारण रांगेच्या गणितात सापडते. एकच खिडकी असलेल्या साध्या रांगेत खिडकी ८० टक्के वेळ गुंतलेली असेल, तर तेथे सरासरी ४ माणसे असतात. ९० टक्क्यांना ती ९ होतात, ९५ टक्क्यांना १९. गर्दी पाच टक्क्यांनी वाढली आणि रांग दुपटीहून लांबली. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी मिठाईच्या दुकानासमोर उभ्या राहिलेल्यांना हे गणित पाठ असते. म्हणूनच 'ट्राय'ने २००६ च्या गुणवत्ता नियमांत गर्दीच्या तासालाही तारेचा वापर ८० टक्क्यांच्या आत ठेवावा, असे बंधन घातले होते. त्या नियमांची जागा १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या नियमावलीने घेतली आहे.

वायरविना, मोबाईल मनोऱ्यावरून घरात येणाऱ्या 'फाइव्ह जी' इंटरनेटचे वेगळे सांगायला हवे. सप्टेंबर २०२३ मध्ये जिओची अशी सेवा पहिल्यांदा ज्या आठ शहरांत आली, त्यांत पुणे होते. फायबर पोचले नाही अशा घरांना ती सोयीची आहे. तथापि, मनोऱ्याच्या एका दिशेची क्षमता त्या परिसरातील घरांत आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलमध्ये वाटली जाते. त्यामुळे दाट वस्तीत संध्याकाळचा उतार तेथे अधिक जाणवू शकतो आणि ग्राहकाच्या हाती खिडकीवरील उपकरणाची दिशा बदलण्यापलीकडे फारसे काही नसते.

मालिका चालते, बैठक अडते

एक तक्रार वारंवार ऐकू येते. वेग मोजणारे संकेतस्थळ ९५ एमबीपीएस दाखविते, 'यूट्यूब' उत्तम चालते. कार्यालयाची बैठक मात्र तुटते. यात चमत्कार काही नाही. मोठ्या व्हिडिओ कंपन्या लोकप्रिय चित्रफितींच्या प्रती सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या जाळ्यातच ठेवतात. 'नेटफ्लिक्स'ने यासाठी २०१२ मध्ये स्वतःची स्वतंत्र यंत्रणा सुरू केली. त्यामुळे पुण्यात पाहिलेली मालिका बहुधा कॅलिफोर्नियातून येत नाही, पुण्या-मुंबईतल्याच एखाद्या पेटीतून येते. वेग मोजणारे संकेतस्थळही अनेकदा त्याच कंपनीच्या जाळ्यातील संगणक निवडते. म्हणजे चाचणी झाली ती घरापासून गल्लीच्या टोकापर्यंतच्या रस्त्याची. पुढच्या महामार्गाबद्दल तिने काहीच सांगितलेले नसते.

बैठकीला वेग थोडा लागतो, दोन-चार एमबीपीएस पुरतात. पण विलंब सोसत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार संभाषण सहज वाटायचे, तर एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. काचेच्या धाग्यातून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. त्या हिशेबाने पुणे-मुंबई अंतर त्याला एका मिलिसेकंदाचेही नाही. अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन परत येण्यास मात्र दोनशे मिलिसेकंद किंवा अधिक लागतात. या आधीच ताणलेल्या हिशेबात वाटेवरच्या एखाद्या रांगेने शंभराची भर घातली, की दोघेही एकदम बोलू लागतात आणि दोघेही एकदम थांबतात.

समुद्राखालील तार तुटली, तर हे विलंब दिवसाही वाढतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन तारा तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेट सेवेला मोठा फटका बसला होता. ६ सप्टेंबर २०२५ रोजी तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ तारांना इजा झाली, तेव्हाही पश्चिमेकडील वाहतूक मंदावली. मात्र असे प्रसंग बातम्यांत येतात. रोज रात्री नऊला होणारा त्रास त्यांच्या माथी मारता येत नाही. कार्यालयाच्या सुरक्षित जोडणीतून, म्हणजे 'व्हीपीएन'मधून काम करणाऱ्यांनी आणखी एक शक्यता तपासावी. काही कंपन्यांत संगणकाची सगळी वाहतूक आधी परदेशातील केंद्रात नेली जाते. 'व्हीपीएन' बंद केल्यावर सर्व काही सुरळीत होत असेल, तर तक्रार इंटरनेट कंपनीकडे नव्हे, कार्यालयाच्या तंत्र विभागाकडे करायला हवी.

घरातील गर्दी

बाहेरच्या तारांकडे बोट दाखविण्याआधी घर तपासणे आवश्यक आहे, कारण संध्याकाळी मंदावण्याचे कारण पुष्कळदा दिवाणखान्यातच असते. वाय-फाय ही वायर नाही, हवेतून होणारे संभाषण आहे आणि त्याचा पहिला नियम असा, की एका वेळी एकानेच बोलायचे. दुसरा बोलत असेल तर थांबायचे. हा नियम शेजाऱ्याच्या राउटरलाही लागू असतो. जुन्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत : १, ६ आणि ११. सिंहगड रस्त्यावरील किंवा पिंपळे सौदागरमधील एखाद्या उंच इमारतीत मोबाईलवर वाय-फायची यादी उघडली, तर पंधरा-वीस नावे सहज दिसतात. दुपारी त्यांतील निम्मी घरे गप्प असतात. रात्री सगळीच बोलू लागतात. शिवाय मायक्रोवेव्ह शेगडी याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास काम करते. नऊच्या सुमारास जेवण गरम करताना चित्र अडखळत असेल, तर तो योगायोग असेलच असे नाही.

५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा तुलनेने मोकळा आहे. भारतात २०१८ मध्ये त्याचा बराच मोठा भाग परवानामुक्त करण्यात आला. त्याची लहर भिंतींपुढे लवकर नमते. परंतु नेमक्या याच कारणाने शेजाऱ्याचा त्रासही कमी होतो. राउटर असलेल्या खोलीत दूरचित्रवाणी आणि संगणक ५ गिगाहर्ट्‌झवर ठेवणे, हा बिनखर्चाचा पहिला उपाय.

राउटर कुठे ठेवला आहे, हेही पाहायला हवे. तंत्रज्ञ तार जेथून घरात येते तेथेच तो बसवून जातो, मग घरातले त्याची अडचण नको म्हणून त्याला चपलांच्या कपाटात किंवा दूरचित्रवाणीच्या मागे ढकलतात. लोखंडी कपाट, आरसा, पाण्याची टाकी, काँक्रीटची भिंत या सर्वांचे वाय-फायशी वैर आहे. पेठांतील जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंतींत तर शेजारच्या खोलीतही लहर पोचेना, अशी स्थिती होते. दूरच्या खोलीत क्षीण लहरीवर चालणारा एखादा जुना मोबाईल स्वतःचे बोलणे हळूहळू पुरे करतो आणि तेवढा वेळ घरातील इतर सर्वांना थांबावे लागते. एका उपकरणाने साऱ्या घराचा वेग खाल्ला, असे वाटते ते यामुळे.

सर्वांत दुर्लक्षित कारण मात्र वेगळेच आहे. दिवसभर बाहेर फिरलेले मोबाईल संध्याकाळी घरी येतात, वाय-फाय सापडते आणि दिवसभरातील छायाचित्रे व चित्रफिती आपोआप 'क्लाउड'वर चढू लागतात. चार जणांच्या घरात चार मोबाईल, एखादा संगणक नवी आवृत्ती उतरवून घेत असतो, दारावरचा कॅमेरा सतत चित्र पाठवीत असतो. ज्या जोडण्यांत वर पाठविण्याचा वेग खाली येण्याच्या वेगापेक्षा बराच कमी असतो, तेथे ही वाट क्षणात भरते. राउटर मग पुढचा माल टाकून देण्याऐवजी आपल्या साठवणीत रचून ठेवतो आणि बैठकीतला आवाजही त्या ढिगाच्या मागे जाऊन उभा राहतो. २०१० च्या सुमारास अमेरिकी संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांना आपल्या घरच्या जोडणीतच हा प्रकार आढळला आणि त्यांनी त्याला 'बफरब्लोट' असे नाव दिले. वेगमापनाचा आकडा चांगला आणि अनुभव वाईट, याचे हे एक मोठे कारण आहे. छायाचित्रे चढविण्याची वेळ मध्यरात्रीनंतरची ठेवली किंवा बैठकीपुरते ते काम थांबविले, तरी फरक पडतो. काही राउटरमध्ये ही रांग आवरणारी सोय असते. 'क्यूओएस' किंवा 'एसक्यूएम' या नावाखाली ती शोधावी.

चाचणी कशी करावी?

चाचणीतील पहिली अट अशी, की ती वाय-फायवर करू नये. राउटरला संगणक साध्या 'लॅन' तारेने जोडावा, घरातील अन्य उपकरणे थोडा वेळ बंद ठेवावीत आणि मग वेग मोजावा. एकदा सकाळी सहा-सातच्या सुमारास, एकदा रात्री नऊ-दहाच्या दरम्यान. असे तीन दिवस. प्रत्येक वेळी दोन वेगवेगळ्या ठिकाणांवरून मोजणी करावी. 'स्पीडटेस्ट'मध्ये आपल्या कंपनीखेरीज दुसऱ्या कंपनीचा, शक्यतो मुंबईतील संगणक निवडता येतो. 'नेटफ्लिक्स'ने २०१६ मध्ये सुरू केलेले 'फास्ट डॉट कॉम' व्हिडिओच्या वाटेचा वेग सांगते. तारीख, वेळ, खाली येणारा वेग, वर जाणारा वेग आणि विलंब यांची नोंद करून पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे. आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी : योजनेतील एमबीपीएस हे 'बिट' असतात आणि फाइल उतरताना दिसणारा एमबी हा 'बाइट'. आठ बिटांचा एक बाइट. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल सेकंदाला १२.५ एमबीने उतरत असेल, तर वेग पूर्ण मिळत आहे. या गैरसमजातून होणाऱ्या तक्रारी आजही थांबलेल्या नाहीत.

आता निष्कर्षाकडे. तारेवर सकाळ-रात्र दोन्ही वेळा वेग चांगला आणि वाय-फायवर रात्री वाईट, तर गर्दी घरातील हवेत आहे; कंपनीला बोलण्यात अर्थ नाही. तारेवरही सकाळी चांगला आणि रात्री वाईट, तर गर्दी कंपनीच्या जाळ्यात आहे आणि घरातील राउटर बदलण्यात अर्थ नाही. दोन्ही वेळा वाईट असेल, तर तो गर्दीचा प्रश्नच नव्हे. फायबर खिडकीच्या गजाला घट्ट वळसा घालून आत आणला असेल, तर वळणावर प्रकाश गळतो. रस्त्याच्या खोदाईत तुटून पुन्हा जोडलेल्या धाग्याचा सांधा कच्चा राहिलेला असतो. राउटरची लॅन तार जुनी असते. अशा वेळी तंत्रज्ञाला घरात पोचणाऱ्या प्रकाशाची शक्ती मोजायला सांगावी. सर्वसाधारण जीपॉन उपकरणाची ग्रहणमर्यादा उणे २७ डीबीएमच्या आसपास असते. आकडा तिच्या जवळ गेला असेल, तर धाग्याची दुरुस्ती हवी. महिन्याच्या अखेरीस काही दिवस चोवीस तास वेग कमी राहत असेल, तर 'वाजवी वापरा'ची मर्यादा संपली आहे का, ते पाहावे. घड्याळाशी नव्हे, कॅलेंडरशी जुळणारी मंदी ही बहुधा तीच.

गर्दी नेमकी कोणत्या पायरीवर, हे जाणून घ्यायचे असल्यास 'पिंग' ही संगणकातील जुनी आज्ञा उपयोगी पडते. आधी राउटरला, म्हणजे बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ या पत्त्याला, पिंग द्यावे. तारेवर उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत यायला हवे. मग ८.८.८.८ या 'गुगल'च्या सार्वजनिक पत्त्याला द्यावे. हाच आकडा सकाळी दहाच्या आत आणि रात्री ऐंशी-नव्वद येत असेल, तर मधल्या काळात रांग कुठे वाढली, हे वेगळे सांगायला नको. 'ट्रेसरूट' या आज्ञेने वाटेतील प्रत्येक टप्पा दिसतो. विलंब दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यावरच उडी घेत असेल आणि पुढेही तसाच राहत असेल, तर दोष परिसरातील केंद्राजवळ आहे.

पैसे कुठे घालू नयेत?

दोष घरात निघाला, तर खर्च थोडाच असतो. राउटर घराच्या मध्यावर, उंचावर ठेवणे; दूरचित्रवाणी आणि कामाचा संगणक तारेने जोडणे; मोठ्या घरात दुसरे वाय-फाय केंद्र तारेने नेणे. बाजारात मिळणारे स्वस्त 'रिपीटर' पहिल्या राउटरचेच बोलणे ऐकून पुन्हा बोलतात. एकाच पट्ट्यावर हे दोन्ही चालत असल्याने त्यापलीकडे वेग साधारण निम्मा होतो. लहर पोचते, वेग पोचत नाही. 'डीएनएस' बदलून इंटरनेट दुप्पट करण्याच्या सल्ल्यांचेही फार मनावर घेऊ नये. पान उघडण्याची सुरुवात थोडी लवकर होईल, भरलेली तार रिकामी होणार नाही.

दोष कंपनीच्या जाळ्यात निघाला, तर कंपनी बदलण्यापूर्वी इमारतीतील इतरांना विचारावे. एकाच मजल्यावर दोन कंपन्यांच्या जोडण्या असतील, तर रात्री नऊ वाजता दोन्हींचा वेग मोजणे ही सर्वांत खरी चाचणी. गृहरचना संस्थेने एकाच कंपनीला जिन्यात जागा दिली असेल, तर ही तुलनाच शक्य होत नाही. संस्थेच्या वार्षिक सभेत वाहनतळावर तासभर वाद होतो; या विषयावर दहा मिनिटे दिली, तरी बरेच साधेल.

तक्रार कोठे करावी?

'ट्राय' वैयक्तिक तक्रारी स्वतः सोडवीत नाही. प्राधिकरणाच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार ग्राहकाने प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जावे आणि नोंदणी क्रमांक घ्यावा. तोंडी तक्रार झाली आणि क्रमांक मिळाला नाही, तर तक्रार झालीच नाही असे समजावे. तक्रारीत 'इंटरनेट स्लो आहे' असे न लिहिता 'अमुक तीन दिवशी, तारेने जोडलेल्या संगणकावर, सकाळी इतका आणि रात्री इतका वेग' असे लिहावे. राउटर बंद-चालू करण्याच्या सल्ल्याला त्यामुळे वाव राहत नाही. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येते; त्याचा निकाल ३९ दिवसांत लागणे अपेक्षित आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात की नाहीत, हा वाद अनेक वर्षे रेंगाळला होता. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या चालू शकतात, असा निर्णय दिला. ज्या शहरात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तेथील ग्राहकांना या मार्गाची ओळख नव्याने करून देण्याची गरज नसावी; इंटरनेटच्या बाबतीत तो क्वचितच वापरला जातो, एवढेच. पाच लाख रुपयांपर्यंतच्या सेवेच्या तक्रारीला आयोगाचे शुल्क नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'ई-जागृती' संकेतस्थळावरून ती घरबसल्या करता येते. कागदपत्रे त्या संकेतस्थळावर चढवायची असल्याने हे काम शक्यतो सकाळी करावे.